दुसऱ्या बँकेचं पत्र

आमच्या घराच्या रीफायनान्सला, म्हणजे जुनं कर्ज फेडून कमी व्याजाचं नवीन घ्यायला, तेरा आठवडे लागले. त्यातले दहा एका पत्रापायी गेले. अजून आठवलं की डोकं तापतं.

ॲरिझोनात, फीनिक्सजवळ चँडलरला २००६ मध्ये भाव शिखरावर असताना आम्ही ३ लाख ४० हजार डॉलरला घर घेतलं. २०१२ मध्ये त्याचे १ लाख ९० हजारही जेमतेम येत होते आणि पहिल्या कर्जाचेच अडीच लाख फिटायचे होते. घर अंडरवॉटर, म्हणजे किमतीपेक्षा कर्ज जास्त, म्हटल्यावर कुणी दारात उभं करेना. अशा घरांच्या रीफायनान्ससाठी सरकारची हार्प योजना २००९ पासून होती, पण कर्ज घराच्या किमतीच्या १२५ टक्क्यांपर्यंतच चालायचं. ती अट ओबामा सरकारने २०११ च्या शेवटी काढली, म्हणून आमचा नंबर लागला. हप्ता घेणारी बँक वेगळी आणि कर्जाचा मालक वेगळा असू शकतो, आणि हार्पला मालक कोण आणि कधीपासून ते बघायचे. बँकांकडून गृहकर्जं विकत घेणाऱ्या फॅनी मे या संस्थेच्या साइटवर पत्ता टाकला तेव्हा आमचं कर्ज त्यांच्याकडे निघालं, तेही ३१ मे २००९ च्या आधीपासून, म्हणजे हार्पच्या अटीत बसणारं. अर्ज, पगाराच्या स्लिपा, मंजुरी, सगळं तीन आठवड्यांत झालं.

अडलं ते दुसऱ्या कर्जापाशी. डाउन पेमेंट कमी पडलं म्हणून ३४ हजार दुसऱ्या बँकेकडून घेतले होते. पहिलं कर्ज फिटून नवीन आलं की घर विकून वसुली झाली तर आधी कुणाचे पैसे, त्या रांगेत हे दुसरं पुढे सरकतं. म्हणून त्या बँकेने ‘आम्ही मागेच राहतो’ असं लिहून द्यावं लागतं. त्याला सबॉर्डिनेशन म्हणतात. आमचा हप्ता १,६९७ वरून १,२३० वर येणार होता, म्हणजे त्यांचेही पैसे सुरक्षितच होत होते. तरी ते हलेनात.

फाइल फक्त फॅक्सने घ्यायचे. २७ पानं पाठवली. दहा दिवसांनी उत्तर, ‘मिळाली नाहीत.’ पुन्हा पाठवली. ‘अठरावं पान काळं आलंय.’ मग ॲप्रेझल, म्हणजे घराच्या किमतीचा तज्ज्ञाचा अहवाल, मागितलं. हार्पमध्ये आमचं ॲप्रेझल माफ झालं होतं, तो कागद निघालाच नव्हता! हे मी पाच फोनवर पाच जणांना सांगितलं, आणि दर वेळी पहिल्यापासून. इकडे व्याजदराचा लॉक, म्हणजे ठरलेला दर टिकायची मुदत, संपत आलेला, तो पैसे भरून वाढवला.

ही म्हणाली, “प्रत्येकाचं नाव, तारीख, वेळ लिहून ठेव.” वही केली. सहाव्या फोनला सगळ्या तारखा वाचून दाखवल्या, तेव्हा सुपरवायझर लाइनवर आली आणि कंप्युटरने काढलेल्या किमतीचा कागद चालेल म्हणाली. पत्र आठवड्यात आलं.

हो, हप्त्यांचं राहिलंच. ‘हप्ते थांबव, मग बँक ऐकते,’ असं तेव्हा बरेच जण सांगायचे. मी ऐकलं नाही. हार्पमध्ये मागच्या सहा महिन्यांत एक हप्ता जरी तीस दिवस रखडला तरी अर्ज बाद व्हायचा.

हार्प २०१८ अखेर बंद झाली, पण दुसरं कर्ज असेल तर हे पत्र आजही लागतं. अर्ज कराल त्याच दिवशी मागा.

सह्यांसाठी नोटरीबाई घरी आल्या. डायनिंग टेबलावरच्या त्या गठ्ठ्यात ते पत्र दोनच पानांचं होतं. मी आधी ते शोधून काढलं, पूर्ण वाचलं आणि मग पेन उचललं.