गाण्यांवर नावं घालताना

फोनवर सगळं गाणं मिळत असताना गाणी वाजवणारा वेगळा प्लेअर कशाला, असं विचारणाऱ्याच्या घरात बहुधा आकाशवाणीवरून टेप केलेल्या कॅसेटी नसतात. ज्याच्याकडे त्या आहेत, शिवाय पुण्यात अलूरकरांच्या दुकानातून किंवा मुंबईत काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाऊसमधून (ते २०१६ साली बंद झालं) घेतलेल्या सीड्या आहेत, दीडशे गाणी एका तबकडीवर कोंबलेल्या एमपी३ सीड्या आहेत आणि कुणाकुणाच्या पेनड्राइव्हवरून आलेल्या फायली आहेत, त्याला हा प्रश्न पडत नाही. एवढं सगळं नव्या प्लेअरवर न्यायचं कसं, याची त्याला काळजी असते.

वरवर पाहिलं तर काम सोपं आहे. फोल्डर उचलायचा, मेमरी कार्डावर टाकायचा आणि झोपायचं. सकाळी प्लेअर उघडला की गाणी सगळी असतात, फक्त सापडत नाहीत. अर्धी ‘अननोन आर्टिस्ट’च्या नावावर, एकाच अल्बमची सात गाणी सात ठिकाणी, आणि भजनांचा प्रकार म्हणून ‘ब्लूज’. हा ब्लूज कुठून येतो? जुन्या टॅगमध्ये (टॅग म्हणजे फायलीतच साठवलेली गायक, अल्बम, प्रकार अशी माहिती) गाण्याचा प्रकार आकड्यात लिहिलेला असतो आणि शून्य क्रमांकाचा प्रकार ब्लूज आहे. रकाना रिकामा न ठेवता कुठल्यातरी सॉफ्टवेअरने तिथे शून्य भरलं, की कीर्तनसुद्धा ब्लूज होतं.

मूळ गोष्ट अशी की कॉम्प्युटरवर आपण फायलीचं नाव वाचतो, आणि प्लेअरची लायब्ररी वाचते फायलीच्या पोटातला टॅग. फायलीचं नाव म्हणजे डब्यावर चिकटवलेली चिठ्ठी आणि टॅग म्हणजे भांड्यावर मशिनने घातलेलं नाव. आयपॉडवरून गाणी काढणाऱ्याला हे लगेच पटतं. ॲपलने २०२२च्या मे महिन्यात आयपॉड बंद केल्याचं जाहीर केलं, पण कपाटातले आयपॉड अजून चालतात. त्यातली गाणी एका लपवलेल्या फोल्डरमध्ये एफ००, एफ०१ अशा कप्प्यांत, चार-चार अक्षरांच्या निरर्थक नावांनी ठेवलेली असतात. लपवलेले फोल्डर दाखवण्याची सेटिंग चालू करून ती सगळी कॉम्प्युटरवर उतरवायची. टॅग शाबूत असेल तर एमपी३टॅग (विंडोजवर) किंवा किड३ हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर टॅगवरून फायलीची नावं मिनिटभरात बनवून देतं. टॅग नसेल तर मात्र एकेक ऐकत बसण्याला इलाज नाही.

म्हणून कॉपी करण्याआधी नावं. आणि इथेच खरी मजा, म्हणजे खरा ताप आहे. ‘आर्टिस्ट’ हा रकाना ज्यांनी बनवला त्यांच्याकडे गाणाऱ्याचा बँड असतो, अल्बमही त्याचाच. आपल्याकडे गाणं कुणाचं? गायकाचं, संगीतकाराचं की कवीचं? गीतरामायणाचंच बघा. शब्द गदिमांचे, चाली सुधीर फडक्यांच्या. १९५५-५६ साली पुणे आकाशवाणीवर ते झालं तेव्हा गाणारे अनेक, आणि पुढे बाबूजींनी सगळी गाणी एकट्याने ध्वनिमुद्रित केली. आकाशवाणीच्या आवृत्तीत प्रत्येक गाण्याचा गायक ‘आर्टिस्ट’मध्ये भरला आणि तेवढ्यावर थांबलं, तर प्लेअर त्या एका अल्बमचे गायकागणिक तुकडे करून ठेवतो. त्यावरचा उपाय ‘अल्बम आर्टिस्ट’ नावाच्या दुसऱ्या रकान्यात आहे. तिथे सगळ्या गाण्यांना एकच नाव द्यायचं आणि ‘आर्टिस्ट’मध्ये खरा गायक ठेवायचा. भावगीतांना आणि चित्रपटगीतांना अल्बम आर्टिस्ट म्हणून संगीतकार घालणं सर्वांत सोयीचं पडतं. गायकाप्रमाणे शोधायचं तर ‘आर्टिस्ट’ आहेच. कवीसाठी स्वतंत्र रकाना स्वस्त प्लेअर दाखवतच नाहीत. मराठी माणसाने यावर रुसायला हरकत नाही, पण कवीचं नाव ‘कॉमेंट’मध्ये लिहून ठेवावं, निदान कॉम्प्युटरवर शोधता येतं.

शास्त्रीय संगीतात गोंधळ वेगळाच. भीमसेन जोशी, पं. भीमसेन जोशी, पंडित भीमसेन जोशी, आणि रोमन लिपीतले दोन-तीन अवतार. प्लेअरच्या दृष्टीने ही सगळी वेगवेगळी माणसं. शिवाय आदराने ‘पं.’ लावला की सगळं घराणेदार गाणं ‘प’खाली जमा होतं, आणि तिथेही ‘पं.’ आणि ‘पंडित’ यांच्या पंगती वेगळ्या. आदर मनात ठेवावा, टॅगमधून काढावा. एमपी३टॅगमध्ये सगळ्या फायली निवडून ‘शोधा आणि बदला’ची एक कृती लिहिली की ‘पं.’, ‘उ.’, ‘श्रीमती’ एका फटक्यात जातात. राग, ताल आणि लय गाण्याच्या शीर्षकात घालावी, राग आधी: ‘यमन – विलंबित एकताल’. छोट्या पडद्यावर पहिली दहा-बारा अक्षरंच दिसतात. तिथे बंदिशीचे शब्द आले तर कोणता राग लावला ते वाजेपर्यंत कळत नाही. (वाजल्यावर तरी कळायला हवं, असं जाणकार म्हणतील. त्यांच्यासाठी शफल आहे.)

क्रमांकांनाही जपावं लागतं. गीतरामायणात ५६ गीतं आहेत आणि ती कथेच्या क्रमाने आहेत. फायलींना १, २, ३ असे आकडे दिले तर फोल्डरप्रमाणे वाजवणारे बरेच प्लेअर १ नंतर १०, ११, १२ घेतात आणि २चा नंबर १९ नंतर लागतो. रामकथा वनवासातून बालकांडात उड्या मारते. म्हणून ०१, ०२. एवढं करूनही क्रम चुकला तर समजावं की हा प्लेअर नावं बघतच नाही, कार्डावर ज्या क्रमाने फायली लिहिल्या गेल्या त्या क्रमाने वाजवतो. ‘फॅटसॉर्ट’ नावाचा छोटा प्रोग्राम कार्डावरची ती यादीच नीट लावून देतो.

आता देवनागरी. नावं मराठीत ठेवायची की रोमनमध्ये, हा भावनेचा प्रश्न वाटतो, पण आधी तो पडद्याचा आहे. अँड्रॉइडवर चालणारे प्लेअर देवनागरी व्यवस्थित दाखवतात. साध्या, बटणांच्या प्लेअरमध्ये तीन प्रकार दिसतात. पहिल्यात नुसते चौकोन: फाँटच नाही. दुसऱ्यात प्रश्नचिन्हांची रांग: फायलीत जुना, ३० अक्षरांपुरता टॅग शिल्लक आहे आणि प्लेअर तोच वाचतोय. तो काढून टाकावा आणि नवा टॅग आयडी३ या टॅग-पद्धतीच्या २.३ आवृत्तीत, यूटीएफ-१६ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत लिहावा, २.४ पेक्षा हा जास्त ठिकाणी चालतो. तिसरा प्रकार सगळ्यात फसवा. अक्षरं दिसतात, पण जुळत नाहीत. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी उमटायची ती नंतर येते आणि जोडाक्षरं पाय मोडून सुटी होतात. एका फायलीच्या टॅगमध्ये ‘विठ्ठल’ लिहून ती प्लेअरवर टाकावी. विठ्ठल नीट उभा राहिला तर बाकीचं देवनागरी चालेल. ‘व’, मग वेलांटी, मग हलन्तासकट ‘ठ’ असा सुटा सुटा आला तर मुकाट्याने रोमन स्वीकारावी. मग रोमनचा एक नियम ठरवावा आणि मोडू नये. आशा एकदा दोन ‘ए’ने आणि एकदा एका ‘ए’ने लिहिली की त्या दोन आशा झाल्या.

फायलींच्या नावांतही मराठीच्या खास खोड्या आहेत. विसर्गाऐवजी कोलन मारायची सवय पुष्कळांना असते. ‘दु:ख’ असं कोलन मारून लिहिलेलं नाव लिनक्सवर खपतं, पण मेमरी कार्डाच्या फाइल पद्धतीत कोलन, प्रश्नचिन्ह, तारका, दुहेरी अवतरण ही चिन्हं चालत नाहीत. कॉपी मध्येच अडते, किंवा टॅगवरून नाव बनवणारं सॉफ्टवेअर ते चिन्ह गुपचूप गाळतं आणि ‘दुख’ उरतं. खरा विसर्ग टाइप केला तर काहीच अडत नाही. दुसरी खोडी ‘ऱ्या’ची. ‘वाऱ्यावर’ लिहिताना कुणी नुक्ता असलेला ‘ऱ’ वापरतं, कुणी साधा ‘र’ घेऊन जोडणारं अदृश्य चिन्ह घालतं. डोळ्यांना दोन्ही सारखी, यंत्राला वेगळी. प्लेलिस्टमध्ये एक आणि कार्डावर दुसरं असेल तर ते गाणं वगळलं जातं, आणि फाइल तर समोर दिसते, मग वाजत का नाही, या विचाराने माणूस हैराण होतो. फायलींची नावं रोमन आणि टॅग देवनागरी, ही तडजोड सगळ्यात कमी त्रासाची.

फॉरमॅटबद्दल वाद घालणारे पुष्कळ आहेत, त्यांना घालू द्यावा. सीडीचा आवाज मिनिटाला सुमारे १० एमबी जागा घेतो. फ्लॅक नावाच्या फॉरमॅटमध्ये काही न गमावता तो साधारण निम्म्यावर येतो, आणि डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंना तंतोतंत तोच आवाज असलेलं जुनं मोनो ध्वनिमुद्रण त्याहूनही लहान होतं. ३२० केबीपीएसच्या (सेकंदाला ३२० किलोबिट, म्हणजेच बिटरेट) एमपी३ला तासाला १४४ एमबी पुरतात. २०१७ साली ‘एमपी३ मेला’ अशा बातम्या आल्या होत्या. संपली होती फक्त पेटंटं, आणि परवान्याचा खर्च. जवळ जर १२८ केबीपीएसचे जुने एमपी३ असतील तर ते फ्लॅकमध्ये बदलू नयेत. फाइल फुगते, आवाज तोच राहतो. ते तसेच न्यावेत आणि सीडी घरात असेल तर पुन्हा उतरवावी. फरक ऐकायचा असेल तर अभंग लावावा. कमी बिटरेटमध्ये टाळांचा आवाज पाण्यातून आल्यासारखा सळसळतो आणि चिपळीचा ठोका पडण्याआधीच त्याची पुसटशी फुसफुस ऐकू येते. तानपुऱ्याचीही तीच गत: जवारीचं तेज जातं, गुणगुण उरते.

कार्ड घेताना स्वस्ताई करू नये. बनावट कार्डं कॉम्प्युटरला १२८ जीबी सांगतात आणि आत १६ जीबीच असतात. पहिली काही गाणी वाजतात, पुढची फक्त यादीत दिसतात. विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू आणि मॅक-लिनक्सवर एफ३ हे प्रोग्राम कार्ड काठोकाठ भरून पुन्हा वाचून बघतात. वेळ लागतो, पण हे आधीच करावं. खऱ्या १२८ जीबी कार्डावरही विंडोज ११९च दाखवतं. तो मोजण्याच्या पद्धतीतला फरक, फसवणूक नव्हे. ३२ जीबीच्या वरची कार्डं एक्सफॅट या फाइल पद्धतीने येतात आणि काही साध्या प्लेअरना फक्त फॅट३२ ही जुनी पद्धत कळते. प्लेअरच्या मेनूत फॉर्मॅटचा पर्याय असेल तर तिथूनच करावं, म्हणजे प्रश्न मिटतो.

प्रत्यक्ष कॉपी प्लेअरला वायर लावून न करता कार्ड रीडरमधून करावी. सेकंदाला १० एमबीच्या वेगाने ६० जीबीला पावणेदोन तास लागतात. बऱ्या रीडरने त्याच्या निम्म्यात होतं. वायरच लावायची असेल आणि कॉम्प्युटरला प्लेअर दिसतच नसेल, तर आधी वायर बदलावी. घरातल्या अर्ध्या वायरी फक्त चार्जिंगच्या असतात. मॅकवरून कॉपी केली की प्रत्येक गाण्यामागे बिंदू आणि अधोरेखेने सुरू होणारी एक छोटी लपलेली फाइल जाते, काही प्लेअर तिलाही गाणं समजतात आणि ‘फाइल एरर’ म्हणून अडखळतात; मॅकच्या टर्मिनलमधल्या ‘डॉट_क्लीन’ने ती साफ होते. फॅट३२वर वेळ दोन सेकंदांच्या टप्प्यात लिहिली जाते, त्यामुळे आरसिंक (फक्त बदललेल्या फायली कॉपी करणारा प्रोग्राम) वापरणाऱ्यांनी एका सेकंदाची सूट द्यावी, नाहीतर न बदललेली गाणीही दर वेळी नव्याने कॉपी होत राहतात. आणि शेवटी ‘इजेक्ट’. पट्टी शंभर टक्के झाली म्हणजे लिहून झालं असं नसतं.

पहिल्यांदा प्लेअर चालू केल्यावर तो लायब्ररी बनवतो. तिथेच अडकून बसला तर एखादी फाइल बिघडलेली असते. अर्धे फोल्डर कार्डावरून काढून पाहायचं, मग उरलेल्यातले अर्धे, असं करत ती सापडते. मुखपृष्ठाचं चित्र दिसत नसेल तर ते ५०० बाय ५०० पिक्सेलच्या साध्या जेपेगमध्ये बदलावं; ‘प्रोग्रेसिव्ह’ जेपेग पुष्कळ प्लेअरना उघडत नाही. प्लेलिस्टमध्ये ‘सी’ ड्राइव्हपासूनचा पत्ता असेल तर ती प्लेअरवर रिकामी दिसणारच. ती कार्डावरच्या फोल्डरपासूनच्या पत्त्याने, एम३यू८ प्रकारात पुन्हा साठवावी.

सीडीवर बडा ख्याल आणि छोटा ख्याल दोन वेगळे ट्रॅक असतील, तर एमपी३मध्ये त्यांच्या सांध्यावर एक बारीक खड्डा ऐकू येतो. एमपी३ आवाजाचे ठरावीक मापाचे तुकडे करतो आणि फायलीच्या दोन्ही टोकांना थोडी शांतता भरतो. लेम हा एमपी३ बनवणारा एन्कोडर ही भर किती ते फायलीत लिहून ठेवतो, पण ‘गॅपलेस’, म्हणजे खंड न पाडता वाजवणं, येणारा प्लेअरच ते वाचतो. बाकीच्यांसाठी दोन्ही ख्याल एकाच फायलीत उतरवावेत. आवाजाच्या पातळीचंही तसंच: ७८ आरपीएमच्या तबकडीवरून उतरवलेल्या नाट्यपदानंतर आजचं चित्रपटगीत लागलं की कान बधिर होतात. गाण्यांची पातळी सारखी करणाऱ्या रिप्लेगेनने ती टॅगमध्ये लिहून घ्यावी, सरमिसळ प्लेलिस्टसाठी ट्रॅकप्रमाणे आणि मैफलीसाठी अल्बमप्रमाणे, नाहीतर विलंबित आणि द्रुतची चढण सपाट होते.

हे सगळं झालं म्हणून जुना प्लेअर लगेच पुसून भाच्याला देऊ नये. त्यात ‘रेकॉर्ड’ किंवा ‘व्हॉइस’ नावाचा फोल्डर असतो. एफएमवरून घेतलेलं आणि समोर बसून टिपलेलं गाणं त्यात जातं आणि कॉम्प्युटरवर त्याची प्रत कधीच झालेली नसते. त्या फायलींना टॅग नसतो, नावाच्या जागी आकडे असतात, आणि प्लेअरचं घड्याळ लावलेलं नसेल तर तारीखही भलतीच. त्या आधी उतरवाव्यात, दोन ठिकाणी ठेवाव्यात, गाणारा ओळखणारं कुणी घरात आहे तोवर त्यांच्याकडून विचारून नाव, गाव आणि अंदाजे साल टॅगमध्ये भरावं. मग भाच्याला खुशाल प्लेअर द्यावा, वायरसकट.