यातलं तुमचं काय?

मुंबईत वेसाव्याच्या कोळीवाड्यात आम्ही एका वलांडीवर किनाऱ्यावरच्या चपला टांगून कलाकृती केली. तिचा विषय निघाला की लोक हमखास विचारतात, चपला समुद्राच्या, बांबू मावशींचे, टांगल्या पोरांनी. मग यातलं तुमचं काय? हसत विचारतात, पण खोच असतेच. परवा तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदाचं लिहून टाकते.

वलांडी म्हणजे बोंबील सुकवायचा बांबूंचा सांगाडा. १ जूनला मासेमारी बंद होते, त्यामुळे ही एक पावसाळाभर ओकीबोकी उभी होती. आणि नेमकी याच दिवसांत भरती किनाऱ्यावर काय काय आणून टाकते: जाळ्यांची भेंडोळी, थर्माकोल, निर्माल्याच्या पिशव्या आणि चपला. त्याही एकेकट्या.

त्या टांगायच्या, हे माझ्या डोक्यातलं. डिंक नको, खिळे नकोत, नायलॉन नको. नंतर सगळं सुटं झालं पाहिजे. म्हणून सुंभ आणला. पहिल्या सकाळी बावीस चपला बांधल्या, नऊ वाऱ्याने खाली आल्या. मावशी ओट्यावरून बघत होत्या. शेवटी उठल्याच.

"बोंबलाला कोण दोरी बांधतं काय गो?"

दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि जोडी दोरीवर टाकायची, एक अलीकडे, एक पलीकडे. एकाच्या वजनावर दुसरा राहतो. मावशींनी एका चपलेच्या पट्ट्यात दुसरीची टाच खुपसली, दिली दोरीवर टाकून. माझा सुंभ तसाच पिशवीत परत गेला. मग पोरं तुटून पडली. निळीला लाल, बाईच्या सँडलला बाळाचा बूट. सगळ्या एकट्यांच्या जोड्या लागल्या. एकाने उत्साहात आजोबांच्या चालू चपलाही टांगल्या. आजोबा अनवाणी शोधत आले, तेव्हा कळलं.

जोसेफ बॉइस या जर्मन कलावंताने १९८२ साली कासेल शहरात ७००० ओक लावायचं काम काढलं. संग्रहालयासमोर बसाल्टच्या दगडांचा ढीग रचला; एक झाड लागलं की त्याच्याशेजारी एक दगड जायचा, ढीग तेवढा कमी व्हायचा. झाडं गावाने लावली. १९८६ मध्ये बॉइस गेले, शेवटचं झाड १९८७ मध्ये त्यांच्या मुलाने लावलं. त्यांनाही कोणी विचारलं असेलच, यातलं तुमचं काय?

माझं म्हणाल, तर मी दोनदा "नको" म्हटलं. पोरांना चपला रंगवायच्या होत्या. पहिल्या सरीत तो रंग खाडीतच गेला असता. आणि कोणीतरी सजावटीला तिवराच्या, म्हणजे खारफुटीच्या, ओल्या फांद्या तोडून आणणार होतं. दोन्ही वेळा वाईटपणा घेतला. बाकी चहा सांगितला, तो सगळ्यांनी प्यायला.

पाऊस सरला तसा मावशींचा फोन. "बोंबील येतील आता. तुझ्या चपला काढ." अर्ध्या तासात वलांडी रिकामी. भंगारवाल्याने हात लावला नाही, शेवटी पालिकेच्या सुक्या कचऱ्याच्या गाडीत गेल्या. एक जोडी तेवढी मावशींनी ठेवून घेतली. एक निळी, एक तपकिरी, पण दोन्ही त्यांच्या मापाच्या. मोरीत जायला घालतात.