एकच फ्लॅश, एक खोली आणि पोर्ट्रेट

घरच्या खोलीत एका फ्लॅशवर पोर्ट्रेट काढायचं ठरलं, तेव्हा लेन्सचा प्रश्न लवकर सुटला. कॅमेरा एपीएस-सी सेन्सरचा, म्हणजे फुल फ्रेमपेक्षा (३५ मिमी फिल्मच्या चौकटीएवढ्या सेन्सरपेक्षा) लहान सेन्सरचा, त्यामुळे हातातली ५० मिमी एफ/१.८ लेन्स फुल फ्रेमवरच्या ७५-८० मिमीसारखी दिसते. ८५ मिमीचा मोह होता, पण खोलीत ती लावून कंबरेपर्यंतचा फोटो घ्यायचा तर पाठ भिंतीला लागते. शिवाय नाक मोठं दिसतं ते आपण फार जवळ गेल्यामुळे. लेन्सचा त्यात दोष नसतो. आधी दीड-दोन मीटरवर उभं राहायचं, मग तिथून हवी ती फ्रेम देणारी लेन्स निवडायची, हा क्रम मला पटला.

एलईडी की फ्लॅश, यावर जास्त वेळ गेला. एलईडीत सावली कुठे पडते ते आधीच दिसतं. पण सॉफ्टबॉक्सच्या, म्हणजे दिव्यापुढच्या पेटीच्या, कापडातून उजेड गाळला की आयएसओ (सेन्सरची प्रकाशाला संवेदनशीलता) वाढवावा लागतो, आणि दिवा प्रखर केला तर समोरचा माणूस डोळे बारीक करतो. म्हणून साधा मॅन्युअल फ्लॅश, कॅमेऱ्यावरून तो बिनतारी पेटवणारा रेडिओ ट्रिगर आणि ९० सेंमीचा सॉफ्टबॉक्स घेतला. टीटीएलला, म्हणजे लेन्समधून उजेड मोजून फ्लॅशची ताकद आपोआप ठरवणाऱ्या सोयीला, पैसे घालवले नाहीत. दिवा आणि माणूस जागेवरच असताना दर फ्रेमला नवं मोजमाप हवं कशाला?

आयएसओ १००, शटर १/१६० सेकंद, लेन्सचं छिद्र एफ/५.६. पहिला फोटो फ्लॅश बंद ठेवून काढायचा आणि तो काळाच यायला हवा. तसा आला म्हणजे खोलीतल्या बल्बचा पिवळेपणा त्वचेवर उतरणार नाही. शटरचा वेग आणखी वाढवायला जावं तर सिंक स्पीडची, म्हणजे फ्लॅशसोबत चालणाऱ्या सर्वांत जलद शटरची, हद्द लागते. बऱ्याच कॅमेऱ्यांत ती १/२०० किंवा १/२५०. त्यापुढे फ्रेममध्ये काळा पट्टा येतो.

खरी गंमत अंतराची. दिव्यापासूनचं अंतर दुप्पट झालं की उजेड पाव होतो. चेहरा दिव्यापासून १ मीटरवर आणि मागची भिंत २ मीटरवर असेल, तर भिंतीवर दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा) कमी उजेड पडतो आणि पांढरी भिंत राखाडी दिसते. भिंत ४ मीटरवर गेली की चार स्टॉप, म्हणजे जवळजवळ काळोख. उलट दिवा चेहऱ्यापासून २ मीटर लांब नेला आणि भिंत दिव्यापासून ३ मीटरवर ठेवली, तर फरक जेमतेम सव्वा स्टॉपचा, भिंत उजळते. मात्र लांबून तोच सॉफ्टबॉक्स चेहऱ्याला लहान पडतो आणि सावलीच्या कडा कडक होतात. इथे मी मऊ सावली निवडली आणि भिंत राखाडीच राहू दिली. राखाडी पडदा घ्यायचा बेत त्यामुळे आपोआप बारगळला.

बाजूच्या पांढऱ्या भिंतीने मात्र छळलं. उजेड तिच्यावर आपटून परत येई आणि गालावरची सावली पुसून टाकी. त्या बाजूला काळी चादर टांगली, तेव्हा कुठे जबड्याची रेषा दिसू लागली. तरुण भाच्याला ते शोभलं. मामीसाठी चादर काढून थर्माकोलचा पांढरा तक्ता लावला.

मामी चष्मा काढायला तयार नव्हती, आणि काचांत सॉफ्टबॉक्स अख्खा चमकत होता. तो थोडा वर आणि बाजूला सरकवला, चष्म्याच्या काड्या कानावर किंचित उचलल्या. काचा खाली झुकल्या आणि चमक गेली. दिवा याहून वर नेला नाही, नाहीतर डोळ्यांतला उजेडाचा ठिपकाही गेला असता.