आमची वाटचाल : ‘भिया, नीचेसे उठती नहीं’

नवी कोरी मोटरसायकल घेऊन आलेला माणूस आमच्या गॅरेजच्या दारात पहिलं वाक्य बहुधा हेच बोलतो. हँडलला शोरूमचा हार अजून लटकत असतो आणि तक्रार अशी की खालच्या आरपीएमला, म्हणजे इंजिन हळू फिरत असताना, दमच नाही. अडीच लाख मोजून घेतलेल्या गाडीबद्दल हे सांगताना त्याचा चेहरा बघण्यासारखा असतो. वाजतगाजत जावई आणावा आणि त्यानं घरात तोंडच उघडू नये, तसा.

2009 साली इंदुरात अन्नपूर्णा रोडच्या मागच्या गल्लीत एका शटरमध्ये आम्ही सुरुवात केली. वडील पिथमपूरला स्कूटरच्या कारखान्यात होते. त्यांच्याकडून भांडवल मिळालं ते पान्यांचा एक डबा आणि ‘उधारी लिहून ठेव’ हा सल्ला. डबा अजून आहे, उधारीही आहे. सोबतीला उस्ताद, म्हणजे आमचे जुने मिस्त्री, होते, ते आजही आहेत. घरात मराठी, गॅरेजात इंदुरी हिंदी, आणि उस्ताद चिडले की दोन्हीची खिचडी.

तेव्हा यामाहाच्या आरएक्स 100 खूप यायच्या. ती गाडी 1996 मध्येच बंद झालेली, पण इंदुरात तिचे भक्त संपले नव्हते. हवेत पेट्रोल मिसळणाऱ्या कार्बुरेटरचं काम सरळ असायचं: जेट बदला, सुई एक खाच वर घ्या, प्लगचा रंग बघा, संध्याकाळी गाडी द्या. गल्ला मात्र भरायचा सायलेन्सरवर. मोठ्या नळीचा, मोकळा, गल्लीच्या टोकापासून ऐकू येणारा. आम्ही ते भरपूर विकले, हे लपवण्यात अर्थ नाही.

2015 मध्ये एका मुलानं 373 सीसीची केटीएम ड्यूक आणली. आम्ही जाड नळीचा फ्री-फ्लो सायलेन्सर आणि मोकळा एअर फिल्टर बसवला, पैसे घेतले. चौथ्या दिवशी तो परत आला. रात्री सराफ्यातल्या खाऊगल्लीच्या गर्दीत दुसऱ्या गिअरला गाडी दोनदा बंद पडली म्हणे. आम्ही म्हटलं, सवय नाही तुला. त्यानं वाद घातला नाही. रविवारी मित्राची तशीच, पण हात न लावलेली गाडी घेऊन आला आणि म्हणाला, चला भेरूघाटात.

सिमरोल ओलांडल्यावर घाट लागतो, तिथल्या चढावर दोन्ही गाड्या तिसऱ्या गिअरला ताशी 30 किलोमीटरवर आणल्या आणि एकदम रेस दिली. आवाज आमच्या गाडीचा, पुढे गेली दुसरी. 60 गाठेपर्यंत चांगल्या दोन गाड्यांचं अंतर पडलं होतं. उस्ताद रस्त्याकडेच्या दगडावर बसून बघत होते. परतीच्या वाटेवर ते एक शब्द बोलले नाहीत, आणि मी त्या मुलाचे पैसे परत केले.

कारण नंतर नीट समजून घेतलं. कमी आरपीएमला सायलेन्सरमधून जाणारा वायू मुळातच थोडा असतो. नळी जाड केली की त्याचा वेग पडतो आणि सिलिंडर रिकामं करायला जी ओढ मिळायची ती जाते. फायदा झाला तर वर, सात-आठ हजार आरपीएमला. शहरात तिथवर जातो कोण? शिवाय आम्ही हवा वाढवली आणि इंधन होतं तसंच ठेवलं. नळीतला ऑक्सिजन सेन्सर साध्या चालीत मिश्रण 14.7 भाग हवेला 1 भाग पेट्रोल इथे आणत राहतो. एकदम रेस दिली की ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, त्याचं न ऐकता ठरलेल्या मॅपवर, इंधनाच्या तयार तक्त्यावर, चालतो, आणि तो मॅप जुन्या फिल्टरसाठी लिहिलेला. भर रेसला इंजिनाला साधारण 13 च्या आसपासचं मिश्रण हवं असतं. आमच्या गाडीला नेमक्या त्याच क्षणी पेट्रोल कमी पडत होतं.

त्या आठवड्यात एक वही आणली. गाडी हातात आली की आधी वहीत नोंद: किलोमीटर, टायरची हवा, चेनचा ढिलेपणा, एक्सिलरेटरचा प्ले, म्हणजे मूठ किती रिकामी फिरते ते. मग सकाळी सहाला भेरूघाट, तोच चढ, टाकी भरलेली, तिसरा गिअर, 30 ते 60, तीन वेळा. काम झाल्यावर पुन्हा तेच. डायनो, म्हणजे गाडीची ताकद मोजायचं यंत्र, घ्यायची ऐपत नव्हती, आजही नाही. स्टॉपवॉच आणि परतीचे पोहे-जिलबी एवढाच खर्च.

वहीनं आम्हाला जरा लाजवलंच. बरीच गिऱ्हाइकं ज्याला लो-एंडची, म्हणजे खालच्या दमाची, कमतरता म्हणत होती तो नुसता ढिलेपणा होता. कॉलेजात शिकवणाऱ्या एक मॅडम आल्या. 20 च्या वेगात रेस सोडून पुन्हा दिली की गाडी आधी गप्प, मग झटका. एक्सिलरेटरच्या मुठीत 9 मिलिमीटर प्ले होता, आणि चेन बोटानं उचलली तर 55 मिलिमीटर वर-खाली. गाडीच्या पुस्तकात दोन्ही आकडे यांच्या जवळपास निम्मे. मूठ फिरते, केबल ताणली जाते, मग चेन ताणली जाते आणि तेव्हा कुठे चाकाला कळतं. प्ले 3 वर आणला, चेन 30 वर, चाक सरळ केलं. पाऊण तास, 250 रुपये. “एवढंच?” त्यांनी संशयानं विचारलं. एक फेरी मारून आल्या आणि काही न बोलता पैसे दिले.

हे करूनही दम हवा असेल तर आम्ही स्प्रॉकेटवर, म्हणजे चेनच्या दातेरी चक्रांवर, येतो. त्या ड्यूकला पुढे 15 दाते, मागे 45, म्हणजे 3.00 चं गुणोत्तर. पुढचं 14 चं केलं की 3.21. प्रत्येक गिअरमध्ये चाकावरचा जोर 7 टक्क्यांनी वाढतो, इंजिनाला हात न लावता. मागे तीन दाते वाढवले तरी जवळपास तेवढंच मिळतं, पण मग चेन बहुधा अपुरी पडते. एका गाडीची वहीतली नोंद: 4.6 सेकंदांवरून 4.2. हे फुकट मिळत नाही. हायवेला जिथे इंजिन 6000 वर फिरायचं तिथे 6400 च्या पुढे फिरतं, आणि लहान स्प्रॉकेटवर चेन जास्त वाकत असल्यामुळे लवकर झिजते. रोज हायवेनं देवासला नोकरीला जाणाऱ्याला मी हे करू देत नाही.

काही गोष्टी स्प्रॉकेटनंही होत नाहीत. जुन्या 350 च्या बुलेटचा बोअर (सिलिंडरचा व्यास) 70 मिलिमीटर, स्ट्रोक (पिस्टनची धाव) 90, आणि इंजिनाची गती टिकवणारं फ्लायव्हीलचं चाक जड. या ड्यूकचा बोअर 89, स्ट्रोक 60. एक रेड्याच्या चालीची, दुसरी पळण्यासाठी जन्मलेली. “बुलेटसारखी खालून ओढायला हवी” असं म्हणणाऱ्याला उस्ताद सरळ सांगतात, “तो भिया, बुलेट ले लो।” गिऱ्हाईक गेलं तरी चालेल, हे मला शिकायला वेळ लागला.

1 एप्रिल 2020 पासून बीएस 6, म्हणजे धुराचे कडक नियम, आले आणि कार्बुरेटरचा धंदा मावळला. मी पहिल्यांदा ईसीयूचे आकडे वाचणारा स्कॅनर घेतला, तोही हप्त्यावर. मग 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल आलं. इथेनॉलला तेवढ्याच हवेत जास्त इंधन लागतं, त्यामुळे जुन्या मॅपच्या गाड्या एकदम रेस दिली की अडखळतात. सेन्सर साध्या चालीत सांभाळून घेतो, पण थंड इंजिनात तो कामाला लागायलाच वेळ घेतो. अशा गाड्यांना आम्ही पिगीबॅक, म्हणजे ईसीयूला जोडायचा छोटा डबा, लावून खालच्या भागात थोडं इंधन वाढवतो, स्कॅनरवर आकडे बघत. राइड-बाय-वायरच्या, म्हणजे केबलऐवजी विजेच्या तारेनं रेस घेणाऱ्या, गाडीला ‘थ्रॉटल बॉक्स’ मागायला येतात त्यांना आधीच सांगतो: त्यानं ताकद वाढत नाही. मूठ थोडी फिरवली की आतली झडप जास्त उघडते, बस्स. काहींना तेवढंच हवं असतं.

धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आम्ही काढत नाही, कितीही पैसे दिले तरी. मोकळे सायलेन्सर 2016 पासून ठेवतच नाही. त्या वर्षी दिवाळीला गल्ला इतका खाली आला की आईनं विचारलं, दुकान चालू आहे ना?

आता शटर दोन आहेत आणि वह्या सात. नवी गाडी असेल तर पहिली सर्व्हिस होईपर्यंत आमच्याकडे येऊ नका. पिस्टनच्या रिंगा बसू द्या, तोवरची निम्मी तक्रार आपोआप जाते, आणि वॉरंटीही शाबूत राहते. त्यानंतर या. टाकी भरून आणा, गाडीचं पुस्तक सोबत ठेवा. भेरूघाटाची फेरी शनिवार-रविवारी सकाळी सहाला निघते. मागे बसायचं असेल तर हेल्मेट आपलं आणा, उस्तादांचं कुणालाच बसत नाही.