तुम्ही विचारलंत म्हणून: एक थेंब टाकून सांगता येतं का?

मी काय काम करते हे कळलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. "म्हणजे आमचं दूध तपासून देशील का गं? एक थेंब मशीनमध्ये टाकायचा आणि सांगायचं, यात काय काय आहे." लिफ्टमध्ये, हळदीकुंकवाला, लोकलच्या लेडीज डब्यात, सगळीकडे हाच प्रश्न. अन्न तपासणाऱ्या प्रयोगशाळेत नोकरी म्हटल्यावर तो येणारच. आजवर मी "आणा हो, बघते" म्हणून वेळ मारून नेत आले. पण गेल्या आठवड्यात तिसऱ्या मजल्यावरच्या काकू खरोखरच दूध घेऊन दारात उभ्या राहिल्या, म्हणून आता नीट उत्तर देते.

एका थेंबावरून सगळं सांगता येत नाही. "यात काय काय आहे?" या प्रश्नाचं उत्तर देणारं मशीन मी अजून पाहिलेलं नाही. "यात अमुक आहे का, आणि असलं तर किती?" याचं उत्तर देणारी मशीन पुष्कळ आहेत. या दोन प्रश्नांमध्ये किती अंतर आहे, ते कळायला मला काही वर्षं लागली.

तुम्ही ज्याला मशीन म्हणता ते आमच्याकडचं इन्फ्रारेड स्पेक्ट्रोमीटर. त्याच्या मधोमध मोहरीएवढा हिरा बसवलेला असतो. आधी तो स्पिरिटने पुसायचा आणि काहीही न ठेवता एक मोजणी घ्यायची. ही रिकामी मोजणी फार महत्त्वाची, कारण तिच्यात खोलीतली हवा नोंदली जाते. मग हिऱ्यावर दुधाचा थेंब ठेवायचा. त्या वेळी मी जास्त वाकले तर माझा श्वाससुद्धा पडद्यावर दिसतो. 2350 च्या आसपास (हे आकडे म्हणजे एका सेंटीमीटरमध्ये प्रकाशाच्या किती लाटा मावतात त्याचं माप) कार्बन डायऑक्साइडची दोन टोकं वर येतात, म्हणून थेंब ठेवला की मी मागे सरते. रेणूंमधले बंध ठरावीक गतीने थरथरत असतात आणि त्या गतीचा प्रकाश शोषून घेतात. दुधात पाणीच जवळजवळ 87 टक्के, त्यामुळे आधी दिसतात त्या पाण्याच्या दोन रुंद टेकड्या. मग 1745 जवळ स्निग्धांश, 1550 जवळ प्रथिनं, 1040 ते 1080 च्या पट्ट्यात दुधातली साखर.

संध्याकाळी सहाला दादरच्या पुलावर उभं राहून बघा. हजार माणसं एकदम बोलत असतात, तरी आपल्या मुलाने "आई" म्हणून मारलेली हाक कानाला बरोबर कळते, कारण तो आवाज आपल्या ओळखीचा असतो. अनोळखी माणसाची हाक त्याच गर्दीत विरून जाते. पडद्यावर उमटणाऱ्या त्या रेषेचं, म्हणजे स्पेक्ट्रमचंही असंच आहे. ज्याची ओळख आधी करून दिलेली असते तेच त्यात सापडतं, आणि तेही त्याचा आवाज पुरेसा मोठा असेल तर.

प्रश्न चुकीचा विचारला तर काय होतं, ते 2008 मध्ये चीनमध्ये साऱ्या जगाने पाहिलं. दुधातली प्रथिनं मोजायची जुनी रीत केल्डाल या डॅनिश रसायनतज्ज्ञाची, 1883 सालची. ती प्रथिनं मोजतच नाही. ती नायट्रोजन मोजते आणि त्याला 6.38 ने गुणून प्रथिनांचा आकडा काढते. पाणी घातलेल्या दुधात कोणीतरी मेलामाइन, म्हणजे प्लास्टिक बनवायला वापरतात ते रसायन, मिसळलं. मेलामाइनमध्ये वजनाने दोन तृतीयांश नायट्रोजन असतो. त्यामुळे प्रथिनांचा आकडा उत्तम आला आणि दूध पास झालं. सुमारे तीन लाख बाळं आजारी पडली, सहा गेली. चाचणीत तांत्रिक चूक काहीच नव्हती. तिला नायट्रोजन विचारला होता आणि तिने तो बरोबर सांगितला होता.

चीनचं उदाहरण मी दुरून देते आहे, पण असंच माझ्याही हातून घडलं आहे.

2018 च्या पावसाळ्यात केरळ आणि गोव्यात मासे टिकावेत म्हणून त्यांना फॉर्मेलिन, म्हणजे पाण्यात विरघळवलेलं फॉर्मल्डिहाइड, लावतात ही बातमी गाजत होती. मला कामाला लागून तीन वर्षं झाली होती. नारळी पौर्णिमा झाली, होड्या समुद्रात गेल्या, बाजारात ओले बोंबील आले. मी पिशवीत तपासणीचं किट घेऊन आमच्या स्टेशनबाहेरच्या मासळी बाजारात गेले. माझी आई वर्षानुवर्षं जिच्याकडून मासळी घेते त्या मावशींच्याच पाटीतला एक बोंबील उचलला, पट्टी घासली, थेंब टाकले. पट्टीचा रंग बदलला. मी तो वर धरून दाखवला. वाटा घ्यायला आलेल्या दोघी बायका तशाच पुढच्या पाटीकडे गेल्या. मावशी म्हणाल्या, "बाय, सकाळीच बोटीतून उतरलाय. औषध कोण घालतंय त्याला?" मी म्हटलं, "मावशी, पट्टी खोटं बोलत नाही."

आणि पट्टी खरोखरच खोटं बोलली नव्हती. बोंबलात फॉर्मल्डिहाइड होतं, पण ते घातलं कोणीच नव्हतं. समुद्रातल्या माशांच्या अंगात ट्रायमिथाइलअमाइन ऑक्साइड नावाचं द्रव्य असतं. खाऱ्या पाण्यात तगायला ते त्यांना उपयोगी पडतं. मासा मेला की त्याच्याच शरीरातलं एक एन्झाइम या द्रव्याचे दोन तुकडे करतं: एक डायमिथाइलअमाइन, दुसरा फॉर्मल्डिहाइड. सगळ्याच माशांत हे सारखं होत नाही. बोंबील मात्र यात फार पुढे आहे. औषधाचा थेंब न लावताही त्याच्यात हे फॉर्मल्डिहाइड तयार होतं, आणि मासा ठेवून दिला तर वाढत जातं. म्हणजे मी विचारलं होतं "फॉर्मल्डिहाइड आहे का?" आणि ऐकलं होतं "या बाईने फॉर्मेलिन लावलं आहे." दुसरी गोष्ट पट्टीने सांगितलीच नव्हती, ती मी माझ्या मनाने जोडली होती. जिच्या दारची बोट आणि जिच्या हातचा कोयता मला लहानपणापासून माहीत, तिच्यावर चार लोकांसमोर आळ घेतला होता. बोटीतून उतरलेला, शंका नसलेला बोंबील घेऊन आधी त्याच्यावर पट्टी घासली असती तर हे तिथेच कळलं असतं. प्रयोगशाळेत मी हिरासुद्धा आधी रिकामा मोजते. बाजारात ते करायचं मला सुचलं नाही.

हे वाचनात आलं तेव्हा दोन-तीन महिने होऊन गेले होते. मी बाजारात गेले, गिऱ्हाइकं उभी असतानाच गेले, आणि माझी चूक झाली असं मोठ्याने सांगितलं. मावशींनी ऐकून घेतलं, वाटा बांधला, पैसे मोजून घेतले. नेहमी वर टाकतात ते दोन बोंबील त्या दिवशी टाकले नाहीत.

दुधातल्या युरियाचंही तेच. गाईम्हशींच्या दुधात युरिया मुळातच असतो, म्हणून नियमाने 700 पीपीएमपर्यंत, म्हणजे दहा लाख भागांत 700 भागांपर्यंत, तो चालतो. "युरिया सापडला" या वाक्याला आकड्याशिवाय काहीच अर्थ नाही.

याच्या उलटही होतं आणि मला त्याची जास्त काळजी वाटते. चाऱ्याला किंवा शेंगदाण्याच्या पेंडीला बुरशी लागली, जनावराने ती खाल्ली, की दुधात अफ्लाटॉक्सिन एम1 नावाचं बुरशीचं विष उतरतं. त्याची मर्यादा किलोभर दुधात अर्धा मायक्रोग्रॅम. माझ्या हिऱ्यावर ते दूध ठेवलं तर रेषा अगदी निर्मळ येईल. एवढा बारीक आवाज तिथे ऐकूच येत नाही. त्याला अँटिबॉडीची पट्टी लागते, नाहीतर रेणूंच्या वजनावरून ते ओळखणारा मास स्पेक्ट्रोमीटर लागतो. 2018 मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने देशभरातून दुधाचे 6,432 नमुने तपासले. युरिया, डिटर्जंट, हायड्रोजन पेरॉक्साइड अशी आरोग्याला घातक भेसळ त्यांतल्या 12 नमुन्यांत निघाली. अफ्लाटॉक्सिन मर्यादेपेक्षा जास्त निघालं 368 मध्ये. आणि इतक्या वर्षांत मला एकाही माणसाने विचारलेलं नाही की आमच्या दुधात बुरशीचं विष आहे का. सगळे युरिया विचारतात, साबण विचारतात. गोठ्यातली पेंड कोरडी ठेवली जाते का, हे विचारायला हवं.

गॅलरीत हवा मोजायचं यंत्र लावणाऱ्यांनाही थोडक्यात सांगते. ते छोटं यंत्र लेझरच्या उजेडात कण मोजतं. पावसाळ्यात मुंबईची हवा इतकी दमट असते की कण पाणी पिऊन फुगतात आणि आकडा उगाच चढतो. जुलैत तो बघून घाबरू नका. कोरड्या हवेत, जानेवारीत वगैरे चढला तर मात्र मनावर घ्या.

तर काकू. त्यांनी स्टीलच्या डबीत वाटीभर दूध आणलं होतं. "साबणाचा वास येतोय गं. डिटर्जंट घालतात म्हणे. टाक ना तुझ्या मशीनमध्ये."

मी डबी घेतली नाही. त्यांना बसवलं, चहा ठेवला आणि विचारलं: कधीपासून वास येतो? पिशवी फोडल्या फोडल्या येतो की तापवल्यावर? कोणत्या भांड्यात तापवता? शिळ्या दुधाला येतो की ताज्याला? दुधातल्या स्निग्धांशाचं विघटन झालं तरी साबणासारखा वास येतो, त्यासाठी कोणी डिटर्जंट घालावं लागत नाही. काकूंना पहिल्यांदा वाटलं मी टाळते आहे. मग त्या आठवायला लागल्या. वास रविवारपासून येतो. पिशवी फोडताना येतो का, ते कधी बघितलं नाही.

"मग उद्या दोन बाटल्या आणा," मी म्हटलं. "एक पिशवीतून थेट, एक तापवल्यावर. दोन्ही बाटल्या नुसत्या गरम पाण्याने धुवा, साबण नको."

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला बेल वाजली. काकूंच्या हातात बर्फ घातलेला डबा, त्यात औषधाच्या दोन काचेच्या बाटल्या. दोन्हींवर नातवाच्या वहीतली लेबलं चिकटवलेली. एकीवर "पिशवी, 6.10", दुसरीवर "पातेलं, 6.40".

मी पहिलीचं झाकण उघडलं. वास नव्हता. दुसरीचं उघडलं. होता.

काकूंनीही दोन्ही हुंगून पाहिल्या. मग पदर खोचत उठल्या आणि म्हणाल्या, "थांब, पातेलंच घेऊन येते."