तुम्ही विचारलंत म्हणून: "सर, तुम्ही स्वतः होतात ना तिथे?"

व्याख्यान संपतं, माईक श्रोत्यांत फिरायला लागतो आणि तिसऱ्या-चौथ्या प्रश्नाला कुणीतरी उठतंच. "सर, तुम्ही सतरा वर्षं फौजेत होतात, काश्मीर बघितलंत. त्यावर का लिहीत नाही? शंभर वर्षांपूर्वी इराकात मेलेल्यांचं काय घेऊन बसलात?" वर्गातली पोरं जास्त थेट असतात: "सर, तुम्ही किती मारले?" गावात पारावर मला 'मेजर' म्हणतात. निवृत्त झालो हवालदार म्हणून, पण आमच्याकडे वर्दी घालून आलेला प्रत्येक जण मेजरच. तिथला प्रश्न असा: "मेजर, पुस्तक आलं म्हणं तुमचं. त्यात तुमचं काय हाय?"

माझं त्यात काही नाही, हे खरंच आहे.

आजवर मी तीन उत्तरं वापरली. एक, गोपनीयतेचा कायदा. दोन, मी लहान माणूस, हवालदाराला लढाई तीस-चाळीस पावलांपलीकडे दिसत नाही. तीन, वेळ नाही, पेपर तपासायचेत. तिन्ही खोटी नाहीत, पण यांतल्या एकाही कारणाने मी गप्प बसलेलो नाही. या वर्षी दोनदा मला तोंडावर ऐकवलं गेलं की फौजी असल्याचा फायदा घेता आणि फौजेबद्दल बोलायची वेळ आली की पळता. 'पळता' हा शब्द लागला. म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

फायदा घेतो, हे आधी कबूल करतो. अठराव्या वर्षी भरती झालो, बेळगावच्या मराठा सेंटरला घडलो. ट्रंकेत वर्दीच्या खाली मुक्त विद्यापीठाची बी.ए.ची पुस्तकं ठेवून रजेत परीक्षा दिल्या. शिपायाला पंधरा वर्षांनी पेन्शन लागते, मी आणखी दोन काढून बाहेर पडलो. मग एम.ए., सेट, तासिका तत्त्वावरची वणवण आणि शेवटी पीएच.डी. त्या तोंडी परीक्षेत एका विद्वानांनी विचारलं होतं, "तुम्ही स्वतः सैनिक. सैनिकांबद्दल तटस्थपणे कसं लिहिणार?" त्यांचे वडील शेतकरी होते आणि त्यांचा विषय शेतसारा होता. मी गप्प बसलो.

माझा विषय कुत-अल-अमारा. इराकातल्या तैग्रिस नदीच्या वळणातलं गाव. पहिलं महायुद्ध, ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६, असा जवळपास पाच महिन्यांचा तुर्कांचा वेढा. आत इंग्रज जनरल टाउनशेंडची सहावी पुणे डिव्हिजन आणि तिच्यात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी. शरणागतीनंतर तेरा हजारांच्या आसपास माणूस कैदेत गेला. जवान वाळवंटातून बगदाद, मोसुल, रास-अल-ऐन असे चालत नेले गेले, तिथे रेल्वेच्या कामाला जुंपले गेले आणि वाटेवर ठिकठिकाणी मेले. टाउनशेंड इस्तंबूलजवळच्या एका बेटावर आरामात राहिला. आमच्या चावडीच्या भिंतीत संगमरवरी पाटी आहे: या गावातून महायुद्धावर इतके गेले, त्यांतले इतके मेले. दोन आकडे. सातारा जिल्ह्यात अशा पाट्या गावोगाव आहेत. अपशिंग्याची माहीत असते, कारण तिथला मेलेल्यांचा आकडा ४६ आहे. नाव पाटीवर कुणाचंच नाही. इराकातल्या बसऱ्याच्या स्मारकातही तीच तऱ्हा होती: इंग्रजांची नावं कोरलेली, हिंदी अधिकाऱ्यांची कोरलेली आणि शिपायांचा पलटणवार फक्त आकडा. स्मारकं सांभाळणाऱ्या राष्ट्रकुल आयोगाने ही असमानता स्वतःच्या अहवालात मान्य केली ती २०२१ साली.

फौजेचा उपयोग इथे होतो. कुतमध्ये रसद संपत आली तेव्हा घोड्यांचं मांस रेशनला आलं. हिंदी शिपाई ते खाईनात. हिंदुस्थानातून धर्मगुरूंची परवानगी मागवली, ती आली, तरी पुष्कळांनी एप्रिल उजाडेपर्यंत हात लावला नाही. इंग्रज लेखक याला हट्ट म्हणतात, अंधश्रद्धा म्हणतात. ज्याने लंगरच्या, म्हणजे फौजी स्वयंपाकघराच्या, रांगेत मगा घेऊन सतरा वर्षं काढलीत त्याला दिसतं की त्या माणसाच्या डोक्यात गावातली पंगत आहे. परत गेल्यावर तिथे कोण बसू देणार? धर्मगुरूची तार गावच्या पंगतीला थोडीच दाखवता येते. पलटणीच्या युद्धडायरीत 'शांत' असा शेरा दिसला की मला तो लिहिणारा दिसतो: दमलेला, कंदिलाशी बसलेला, आणि कुणी काही कळवलं नाही म्हणून 'शांत' लिहून मोकळा झालेला. हे मला कुठल्या ग्रंथालयाने शिकवलं नाही.

मग स्वतःचं का नाही?

ऑक्टोबर २०००. कुपवाड्याच्या वरच्या अंगाला, देवदारांत गुज्जर गुराख्यांचे रिकामे ढोक, म्हणजे झोपड्या, होते, त्यांना आम्ही रात्रीपासून घेरा घातला होता. पलटणीचं नाव सांगत नाही. मी तेव्हा लान्स नायक. पहाटे गोळीबार झाला, दहा-बारा मिनिटं असेल. आमच्या एलएमजीवाल्याला, म्हणजे हलकी मशिनगन चालवणाऱ्याला, पोटात गोळी लागली. माण तालुक्यातला पोरगा, माझ्याहून वर्षाने लहान, दोघांचं बिऱ्हाड एकाच बंकरात. मी त्याच्यापासून तीन हातांवर पडून होतो. त्याने पाणी मागितलं. मी बाटलीचं झाकण उघडलं, झाकणातच पाणी ओतलं आणि ओठांना लावलं. निम्मं हनुवटीवरून सांडलं. तो म्हणाला, "गार हाय." मग गेला.

हे मी पंधरा वर्षं सांगितलं. रजेवर आलो तेव्हा त्याच्या आईला सांगितलं, चुलीपाशी बसून. तिने विचारलंच होतं, "पाणी मागितलं का रं त्यानं?" मी म्हणालो, मागितलं आणि मी दिलं. प्रजासत्ताक दिनाच्या भाषणांत सांगितलं. नोकरीच्या मुलाखतीत, एका सदस्याने "अनुभव?" असं विचारल्यावर, सांगितलं, टेबलापलीकडची माणसं खाली बघायला लागली. वर्गात तर दर वर्षी, युद्ध आणि सामान्य माणूस या घटकाला. झाकण, हनुवटी, 'गार हाय'. तपशील कधी बदलला नाही. तो बदलत नाही म्हणूनच मला तो खरा वाटायचा. स्मृतीवर मी पोरांना तासभर शिकवतो, आणि हीच चूक करू नका म्हणून सांगतो.

२०१६च्या मे महिन्यात पलटणीतल्या एकाच्या मुलीचं लग्न होतं, खटाव तालुक्यात. जेवणं झाल्यावर मांडवामागे आम्ही सात-आठ जण खुर्च्या टाकून बसलो. आमचे तेव्हाचे सीएचएम, म्हणजे कंपनी हवालदार मेजर, होते, आता साखरेने निम्मे झालेले. विषय त्या रात्रीवर गेला. मी माझं सुरू केलं. झाकणापर्यंत आलो आणि ते म्हणाले, अगदी सहज, सुपारी कातरता कातरता, "तू कुठला? तू पाण्याला गेला होतास न्हवं नाल्यावर? तू वर आलास तवर त्याला चादरीत घेतला होता."

मी हसलो. मग चिडलो. म्हणालो, "साहेब, वय झालं तुमचं." हे मी त्यांना म्हणालो, सगळ्यांसमोर. ते काही बोलले नाहीत. सुपारीची चिमूट पुढे केली. बाकीचे माझ्याकडे बघत होते, आणि त्यांच्यातला एकही म्हणाला नाही की साहेब चुकताहेत.

घरी आलो ते रात्री दीडला. ट्रंक माळ्यावर होती. खिशातली डायरी ठेवायची सवय मला पहिल्यापासून, कॅन्टीनचा हिशेब लिहायला. त्या वर्षीची निघाली. पान सापडायला दहा मिनिटं लागली, कारण मी चुकीच्या आठवड्यात शोधत होतो. तारीखही मी पंधरा वर्षं चुकीचीच सांगत आलो होतो. निळ्या बॉलपेनने, माझ्याच अक्षरात:

"नाला. २ जेरीकॅन. वर ५.४०. — गेला."

त्या आडव्या रेघेच्या जागी त्याचं नाव आहे.

तेव्हाच्या मला मी पुष्कळदा समोर बसवून विचारलंय. तो म्हणतो, मी खोटं बोललो नाही. बरोबर आहे. खोटं बोलणाऱ्याला निदान खरं माहीत असतं. मग झाकण आलं कुठून? माझा अंदाज असा की त्या रात्री बुखारीपाशी, म्हणजे शेगडीपाशी, आमच्या नर्सिंग असिस्टंटने ते सांगितलं. तो झारखंडचा होता, हिंदीत सांगितलं असणार. मग 'गार हाय' कुणाचं? आणि त्याहून वाईट गोष्ट अशी, जी मला तिसऱ्या दिवशी, चालत्या तासात, फळ्याकडे तोंड असताना लक्षात आली: पोटात गोळी लागलेल्याला पाणी द्यायचंच नसतं. बेळगावला प्रथमोपचारात हे घोकून घेतात, तोंडावाटे काही नाही, फार तर ओठ ओले करा. नर्सिंग असिस्टंट हे चुकेल? म्हणजे पाणी कुणी दिलंच नसेल. पंधरा वर्षं मी ही गोष्ट सांगितली, समोर कितीतरी माजी सैनिक बसलेले असायचे, आणि एकानेही विचारलं नाही की पोटाच्या जखमेला पाणी कसं दिलंस. मीही नाही विचारलं. विद्यार्थ्याच्या प्रबंधात असा पुरावा आला असता तर समासात लाल रेघ ओढून पान परत केलं असतं.

त्या नर्सिंग असिस्टंटचा जुना नंबर लागत नाही. सीएचएम साहेब २०१९ला गेले. मी माफी मागितली होती, फोनवर. ते म्हणाले, "कशाची?"

तुम्ही म्हणाल, मग हेच लिहा. स्मृती कशी फसवते यावर छान पुस्तक होईल. एका संपादकांनी हे शब्द वापरले, 'छान पुस्तक'. त्यांना मी त्याच्या आईचं सांगितलं नाही. ती पुढे येणाऱ्या-जाणाऱ्याला माझ्याकडे बोट करून सांगायची, "ह्याच्या हातनं पाणी प्यालं माझं लेकरू." डायरी सापडल्यानंतर मी तिच्याकडे चार वेळा गेलो. चारही वेळा सांगायचं ठरवून गेलो आणि चारही वेळा चहा पिऊन आलो. दोन वर्षांपूर्वी ती गेली. त्याचा धाकटा भाऊ वाचतो, हेही वाचेल. त्याला आधी सांगायला हवं होतं, हे मला कळतं.

पानिपतावरून जीव घेऊन निघालेल्या नाना फडणिसांनी स्वतःच्या पळण्याचं वर्णन स्वतः लिहून ठेवलंय. मी ते शिकवतो, आणि पोरं हसतात तेव्हा मला राग येतो. इ.स.पू. ४२४मध्ये थ्युसिडिडीस नावाचा अथेन्सचा सेनापती सात जहाजं घेऊन अँफिपोलिस वाचवायला निघाला. तो संध्याकाळी जवळच्या बंदरात पोचेपर्यंत शहर गेलेलं होतं. अथेन्सने त्याला वीस वर्षं हद्दपार केलं आणि तो इतिहासकार झाला. आपल्या उशिराबद्दल तो अगदी थोडक्यात लिहितो, तेही तृतीय पुरुषात. सारवासारव नाही. त्यानेच पुढच्यांना बजावून ठेवलंय की एकाच प्रसंगाचे साक्षीदार वेगवेगळं सांगतात, कुणी पक्षपाताने, कुणी आठवणीच्या दोषाने. मला त्याचा हेवा वाटतो. त्याला निदान आपण उशिरा पोचलो हे माहीत होतं.

आणि हो, कुतवर लिहिणं सोपं जातं त्याचं एक कारण मला आवडत नाही, पण ते आहे. ११७व्या पलटणीतला कुणी मांडवामागे सुपारी कातरत बसून मला म्हणणार नाही, की तू कुठला. तटस्थपणा वगैरे म्हणतो आम्ही त्याला. त्यांना न्याय द्यायला म्हणून मी त्यांच्याकडे गेलो, की ते उलटून बोलणार नाहीत म्हणून, हे मला आजही ठरवता येत नाही. पत्नी म्हणते दोन्ही. ती बँकेत आहे, तिला दोन्ही बाजू जुळवायची सवय आहे. माझ्या जुळत नाहीत.

अलीकडे एक झालंय. वेढ्याच्या नोंदी वाचताना मी पाणी भरणाऱ्यांकडे थांबतो. नदी शेजारीच होती, पण पलीकडच्या काठावर तुर्की नेमबाज बसलेले. काठावर पाण्याला गेलेली माणसं टिपली जात. पूर्वी मी ती वाक्यं ओलांडून जायचो, कारण लढाई पुढच्या पानावर असायची.

तेव्हा विचारलंत म्हणून सांगतो: होतो. नाल्यावर होतो. रिकामा कॅन घेऊन उतरायला वीस मिनिटं लागायची, भरलेला घेऊन चढायला पन्नासच्या वर. पाळी माझीच होती, कुणाच्या बदली गेलो नव्हतो, तेवढं तरी बदलत नाही. गोळीबाराचा आवाज ऐकला असणार, दरीत तो घुमतो. पण ऐकल्याचं मला आठवत नाही. माझ्याबरोबर दुसरा कोण होता तेही आठवत नाही, डायरीत नाव नाही. वीस वीस लिटरचे दोन कॅन होते. त्या पाण्याचं पुढे काय झालं याचीही नोंद नाही. सकाळी चहा झाला असावा. मी तो प्यायल्याचं मला आठवतं, स्टीलच्या मगमधून, फार गोड. पण हे मी कुणाला सांगत नाही.