खाली दुकान, वर घर

पुण्याचा मावसभाऊ फोनवर विचारतो, "तुमच्या स्थायी समितीनं काय ठरवलं?" अरे बाबा, इंदूरला स्थायी समिती नाही, महापौर परिषद असते. महापौर स्वतःच पार्षदांतून, म्हणजे तुमच्या नगरसेवकांतून, सदस्य निवडतात. आणि प्लॉटवर किती बांधता येतं ते सांगणारा तुमचा एफएसआय, तो आमच्याकडे एफएआर.

रामबागेत आमचं खाली दुकान, वर घर. आजोबांनी बांधलं तेव्हा गाडी कुठे लावणार हे कुणी विचारलं नव्हतं. आता पाडून नवं बांधायचं तर मध्य प्रदेशचे बांधकामाचे नियम, भूमी विकास नियम, 2012 समोर उभे. पार्किंगची जागा सोडा, पुढची-मागची मोकळी जागा सोडा. उरलेल्या जागेत बाबांचं काउंटर तरी मावेल का, शंकाच आहे.

मालमत्ता कराची तर वेगळीच गंमत. स्वतः राहतो म्हणून वरच्या मजल्याला निम्मी सूट, खालच्या दुकानाला नाही. माणसं तीच, जिना तोच!

त्यामुळे नव्या मोठ्या उद्योगांना सवलती द्याव्यात अशी चर्चा निघाली की बाबा पोह्यांवर जिरावण मसाला भुरभुरत एवढंच विचारतात, "आणि जुन्यांना?" काका म्हणतात, उद्योग आले तर पोरं पुण्याला जाणार नाहीत. तेही खोटं नाही. माझाच धाकटा हिंजवडीत बसलाय.